बापूसाहेबांची मागून बसलेली जीप

"परत बसली रं," अण्णांनी हाक मारून सांगितलं.

मी एका लॉरीखाली उताणा पडलो होतो. बाहेर येऊन बघतो तर गॅरेजच्या दारात बापूसाहेबांची जीप उभी. नाक वर, मागचं अंग खाली, दारात कुत्रं बसतं तशी. महिनाही झाला नव्हता मी तिला मागचे पाटे नवे घालून. माझं डोकंच सणकलं. केलेलं काम परत दारात आलं की मला त्या दिवशी भाकरी गोड लागत नसे.

गॅरेज सांगलीत. मालक अण्णा, तिथलेच जैन, घरची शेती असून मोटारींचा नाद लागलेले. मी मूळचा साताऱ्याचा. लढाईत लष्कराच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्री होतो. लढाई संपली तसे आम्ही सुटलो आणि आमच्या मागोमाग जीपाही सुटल्या. लष्कराला नको असलेला माल लिलावात निघायचा, त्याला सगळे डिस्पोजल म्हणत. ज्याच्या रानात ऊस त्याच्या दारात डिस्पोजलची जीप, असे ते दिवस. बापूसाहेब कोरेगावकडचे बडे बागायतदार. दर आठवड्याला गुळाच्या भावासाठी सांगलीच्या पेठेत यायचे.

पाटे म्हणजे काय ते सांगतो. जीपच्या प्रत्येक चाकावर पोलादी पट्ट्यांची एक चळत असते. वरची पट्टी लांब, खालच्या आखूड होत जातात, सगळ्या बाकदार. खड्डा आला की बाक दबतो आणि पुन्हा जागेवर येतो. तो यायचा बंद झाला की पाटे बसले म्हणायचं. मग गाडी बसते, खड्ड्याखड्ड्याला खालून ठोकते आणि एक दिवस पाटा तुटून ॲक्सल सरकतो.

पहिल्यांदा जीप आली तेव्हा चूक लगेच सापडली होती. एक पाटा तुटला म्हणून गावच्या लोहारानं बैलगाडीच्या चाकाची धाव कापून त्या जागी बसवली होती. धाव म्हणजे चाकावर चढवतात ती लोखंडी पट्टी. चांगली जाडजूड असते, पण लोखंड ते लोखंड. वाकवलं की वाकलेलंच राहणार. परत यायचा गुण पोलादाचा. मी त्या लोहाराला मनसोक्त शिव्या दिल्या आणि सगळे पाटे नवे घातले.

आता लोहारही नव्हता आणि धावही नव्हती. पाटे माझे होते.

बापूसाहेब खुर्चीवर बसले होते. देह मोठा, फेटा त्याहून मोठा. मला वाटलं आता आपली खरडपट्टी निघणार. पण ते शांतपणे म्हणाले, "मिस्त्री, तुमचं पाटं वाईट न्हाईत. आमाला चोर घावलाय."

त्यांनी हनुवटीनं रस्त्याकडं दाखवलं. तिथं उन्हात त्यांचा ड्रायव्हर गेनबा उभा होता.

"महारवाड्यात चावडी बांधायचं चाललंय. दगूड कशात जातंय? आमच्या जीपीत. आमी झोपलो की ह्यो गेन्या गाडी काडतोय. तुमी तपास करा. दगूड वाहिल्यालं निघालं तर हितंच किल्ली काडून घेतो."

"न्हाई मालक," गेनबा तिथूनच म्हणाला. एवढंच.

गेनबा महार. ब्रह्मदेशाच्या वाटेवर लष्कराचे ट्रक चालवून, बाहीवर नाईकाची पट्टी लावून परत आलेला. त्यांच्या पंचक्रोशीत जीप हाकणारा दुसरा माणूस नव्हता, म्हणून बापूसाहेबांनी त्याला ठेवला. गरज पडली की आपल्याकडं जात थोडी सरकून घेते. पण ही किल्ली गेली तर त्याला परत गावकीच होती: लोकांचे सांगावे पोचवायचे, मेलेली जनावरं ओढायची आणि त्यापायी दारोदार भाकर मागायची. हे मला ठाऊक होतं, आणि ते बापूसाहेबांनाही ठाऊक होतं.

मी तपासायला घेतलं. दोन्ही बाजू सारख्याच बसलेल्या. ॲक्सल वर येऊन चासीला धडकल्याच्या खुणा होत्या. म्हणजे ओझं पडत होतं, यात शंका नव्हती. पण दगड वाहिले तर मागचा पत्रा ओरबाडला जातो, कोपऱ्यात चुरा साठतो. इथं रंग शाबूत होता. कोपऱ्यात शेंगांची टरफलं होती, विड्यांची थोटकं होती, चुन्याची बोटं पुसलेली होती. मागच्या दोन्ही बाकड्यांना बसून बसून झिलई आली होती. आणि पुढं ड्रायव्हरशेजारच्या सीटचं कॅनव्हास कोरं करकरीत होतं, डेपोतून आलं तसं. ते मी डोळ्यांनी बघितलं. डोक्यात काही शिरलं नाही.

"दगड न्हाईत," मी म्हणालो. "माणसं हायत."

"मानसं काय लोखंडाची असत्यात व्हय? मिलिटरीत ह्याच गाडीत गोरं सोजीर खच्चून बसत हुतं."

ते खोटं नव्हतं. मी पाटे उतरवून त्यांना पुन्हा बाक दिला आणि सांगितलं, "उद्या जाताना मी तुमच्या संगट येतो. गाडी कुठं ठोकतीया ते बसल्याबिगार कळायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी पेठेतलं काम आटोपून मंडळी जमली. बापूसाहेब, त्यांचे मेहुणे, चुलते, दोन तालमीतले गडी आणि गावची आणखी दोघं. सगळे मागून चढले. बापूसाहेब बाकड्यावर बरोबर चाकाच्या वर बसले. बाकीचे त्यांना चिकटून. एक मागच्या फळीवर, एक दांडी धरून उभा. जीप करकरली आणि मागून टेकली. मला तिथं बोट ठेवायला जागा नव्हती. पुढच्या सीटवर बापूसाहेबांची छत्री तेवढी आडवी ठेवलेली होती. मी छत्री उचलून मागं दिली आणि बसलो.

मागची बडबड थांबली.

"मिस्त्री, मागं या की. करतो जागा," मेहुणे म्हणाले.

"हितं ऐसपैस हाय."

"आवं, या मागं." पोर शेणात पाय घालायला निघालं की आपण ज्या आवाजात बोलतो, तो आवाज.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गेनबा समोर बघत होता, हात स्टिअरिंगवर. मला राग आला. आधी स्वतःच्या डोक्याचा आला: काल दिवसभर जे मी गाडीखाली शोधत होतो ते वर सीटवर होतं. मग त्या मंडळींचा आला, आणि तो मुक्काम येईपर्यंत उतरला नाही. मी पुढंच बसून राहिलो.

कुंडलला चहासाठी थांबलो. मंडळी हॉटेलात बाकड्यांवर बसली. हॉटेलवाल्यानं बाहेर येऊन गेनबाच्या ओंजळीत हातभर वरून पाणी ओतलं. तो प्यायला, तोंड पुसलं आणि बॉनेटपाशी आला. मी तिथंच उभा होतो.

"गेनबा, तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"मग बोलला न्हाईस? किल्ली जायाची पाळी आलीया तुझी."

"काय बोलू, वस्ताद? मालक, माझ्याजवळ बसा, असं म्हनू?" तो रेडिएटरचं टोपण फडक्यानं उगाचच पुसत राहिला. "दगूड वाहिलं म्हनत्यात तर नुसती किल्ली जाईल. ह्ये बोललो तर घर बी जाईल."

मी हॉटेलात गेलो, बापूसाहेबांना बाजूला घेतलं.

"बापूसाहेब, गाडी चोरीच्या वज्यानं बसत न्हाई. गेनबानं एक बी दगूड वाहिल्याला न्हाई. समदी मानसं मागच्या चाकावर बसत्यात. एक दांडगा मानूस पुढं आला की पाट्यांचं निम्मं दुखणं जाईल."

"पुढं कोन बसंल?"

"तुमी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. लहान पोराला बघावं तसं.

"मिस्त्री, तुमी पाटं बघा. बसायचं आमचं आमी बघू."

आणि त्यांनी बघितलं. पुढच्या आठवड्यात जीप पेठेत आली तेव्हा पुढच्या सीटवर गुळाच्या दोन ढेपा होत्या, सुतळीनं घट्ट बांधलेल्या. मागं मंडळी तितकीच.

"उलाळ व्हत हुती," बापूसाहेब मला समजावून सांगायला लागले. "आता पुढं वजन टाकलंया."

उलाळ हा बैलगाडीचा शब्द. गाडीत मागं जास्त भरलं की जू वर उचलतं आणि बैलांच्या मानेला फास बसतो. मग गाडीवान पुढं सरकून बसतो, नाहीतर चार पेंढ्या पुढं ओढतो, की तोल सावरतो. पिढ्यान्पिढ्या मुरलेलं शहाणपण आणि अगदी बरोबर. पण बैलगाडीला चाकं दोन. जीपला चार. जीपमध्ये पुढं ढेप ठेवली म्हणून मागचं उचलत नाही, मागचाच माणूस पुढं यावा लागतो. ढेपांनी गाडीचं ओझं तेवढं वाढवलं.

त्या ढेपा कोरेगावकडून सांगलीपर्यंत गेनबाच्या मांडीला मांडी लावून आल्या. मग अडत्याच्या दुकानात उतरल्या, त्यांचा सौदा झाला आणि त्या कुणाकुणाच्या देव्हाऱ्यापुढं नैवेद्याला गेल्या असतील. त्यांना कुणी नाक मुरडलं नाही.

पाट्यांचं व्हायचं तेच झालं. जीप परत दारात आली, परत बसलेली.

"आता ही आखरीची," बापूसाहेब म्हणाले. "आनखी पाटं घाला. लागतील तेवढं घाला. ह्या बारीला बसली तर गेन्या घरी. लोकं म्हनत्यात, गाडी बसतीया म्हंजी ड्रायव्हरच्या हाताला गुन न्हाई."

दगडांचं नाव आता कुणी काढत नव्हतं. पण कुणाला तरी घरी बसवायचंच होतं.

ते गेल्यावर मी पाना फेकला. "अण्णा, दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. मी ह्यात हात घालणार न्हाई."

अण्णा स्वभावानं थंड. "आवाज कशापायी करतोस? तू खरं बोललास, त्यांनी ऐकलं, झालं. आता त्येला पाटं पायजेत, पाटं दे. गाडी बसली न्हाई तर त्या गड्याची किल्ली ऱ्हाईल. तुला दुसरं काय पायजे?"

खरं होतं. मला दुसरं काही नको होतं. मी भंगारातून ट्रकचे पाटे काढले. ट्रकचा पाटा जाड असतो, त्याला जीपच्या वजनाची फिकीर नसते. मापानं कापून दोन्ही अंगांना दोन दोन जास्तीचे घातले आणि यू बोल्ट आवळले. मग गॅरेजातली तिघं-चौघं मागं चढवून उड्या मारायला लावल्या. जीप तसूभर दबली नाही.

"बसायची न्हाई," मी बापूसाहेबांना सांगितलं. "पर लय कडक झालीया."

"हुंदे कडक."

मी आणखी काही बोललो नाही. बोलायला जागा होती. मागची बाकडी थेट चाकांवर असतात, तिथं पाटा दबला नाही तर प्रत्येक खड्डा बसणाऱ्याच्या माकडहाडात शिरतो. पुढची सीट दोन्ही चाकांच्या मधे पडते, तिथं दणका निम्मा होऊन पोचतो. हे मला माहीत होतं. पण बसायचं त्यांचं ते बघणार होते.

मग बरेच दिवस जीप आली नाही. मी गेनबाच्या काळजीत. पेठेत विचारलं तर कुणी काही सांगेना. एक दिवस ऑइल बदलायला ती दारात आली. मागून ताठ. बापूसाहेब पुढच्या सीटवर, खाली घोंगड्याची घडी, गुडघ्यांमधे छत्री. मागं एकटे मेहुणे, दोन्ही हातांनी दांडी धरून, बूड बाकड्यापासून अधांतरी.

"बाकी मंडळी कुठं?" अण्णांनी विचारलं.

"सर्व्हिस मोटारीनं येत्यात, तिकीट काडून," मेहुणे म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता.

बापूसाहेब हळूच उतरले. मी काहीच विचारलं नव्हतं, तरी मला म्हणाले, "कंबार पार धरली हुती. मिरजंच्या डाक्टरनं सांगितलंया, पुढंच बसायचं. औषिदाला इटाळ नसतोय, मिस्त्री."

"न्हाईच," मी म्हणालो.

ते पेठेत गेले. गेनबा मागं राहिला. मी खाली शिरून पाटे बघितले. बाक जसाच्या तसा. आता मागं ओझंच नव्हतं, बसणार कशानं? इतके पाटे लागणारही नव्हते, पण मी ते काढले नाहीत.

"किल्ली?" मी विचारलं.

गेनबानं खिसा चापपला. "हाय."

"मालक कायी बोलत्यात का वाटंनं?"

"बोलत्यात की. पुढनं रस्ता लय बेस दिसतोय म्हनत्यात." तो हसला. मी त्याला पहिल्यांदाच हसताना बघत होतो.

"आन कुंडलात पानी?"

"पानी वरनंच," गेनबा म्हणाला आणि फडकं घेऊन काच पुसायला लागला.

पुढं मी पुष्कळ वर्षं हे काम केलं. हाताखाली तयार झालेल्या मिस्त्र्यांना मी एक गोष्ट सांगत असे. गाडी मागून बसलेली आली तर लगेच खाली शिरू नका. आधी पुढची सीट बघा. ती कोरी असली तर दुखणं पाट्यात नाही.