दशरथचा डावा पाय

१९७९ साल. माझं वय त्रेचाळीस. पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनीवर येऊन तीन वर्षं झाली होती. गाव दिघोरी, लाखांदूरकडचं. शाळा चौथी. बाकीचं जे शिकलो ते फौजेत शिकलो आणि तेवढं मला पुरलं.

त्या वर्षी धान कापून झालं आणि आमच्या बायकोनं, यमुनेनं, एक कुत्रा घरात घेतला. रंग मातकट. पुढचा डावा पाय जन्मापासून मनगटात आत वळलेला. पंजा सपाट टेकत नसे. चालताना तो पाय छातीशी धरून तीन पायांवर चाले. यमुना त्याला लंगड्या म्हणे. मी काहीच म्हणत नसे.

फौजेत मी बारा वर्षं सिक रिपोर्ट घेतला आहे. सकाळी पीटीच्या आधी आजारी जवान वेगळे उभे राहतात आणि हवालदार एकेकाला विचारतो, काय झालं. खरा कोण आणि पीटी चुकवणारा कोण, हे मी उभं राहण्यावरून सांगत असे. त्यामुळे या कुत्र्याबद्दल मला पहिल्या दिवसापासून शंका होती.

शंकेला कारण होतं. यमुना पेज घेऊन आली की तो जास्त लंगडे. मी आलो की कमी. ओट्याच्या दोन पायऱ्या चढताना कण्हे, उतरताना आवाज नाही. आणि एकदा बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, घुशीच्या मागे धावताना मी त्याला पाहिलं. चारही पाय जमिनीवर. मी नीट पाहिलं.

"हा नाटक करून राहिला," मी यमुनेला म्हणालो.

"कोन? कुत्रा?"

"हो, कुत्रा."

"तुमी त मले बी सिक रिपोर्टात उभी करान. मांगं मले ताप आला त दोनदा कपाळाले हात लावून पायला तुमी."

"तीनदा," मी म्हणालो. जे खरं ते खरं.

मी साडेचारला उठतो. पाचला बोडीच्या पाळीवर फेरी. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं, पाळ म्हणजे त्याचा बांध. कुत्रा मागे येई, वीस पावलांचं अंतर ठेवून. मी थांबलो की थांबे. मी अचानक वळून पाही, कोणता पाय वर आहे. दर वेळी डावाच. यानं शंका जायला पाहिजे होती. गेली नाही. सराईत माणूस पाय बदलत नाही, हे मला माहीत होतं.

एका रविवारी सकाळी सात वाजता मी त्याची कसोटी घेतली. ही कसोटी माझी स्वतःची होती आणि कंपनीत सगळे तिला ओळखत. लंगडणाऱ्या जवानाला मी विश्राममध्ये उभं करी, दुसऱ्याच कोणाशी बोलू लागे आणि मध्येच सावधान करून हुकूम सोडी, पीछे मुड़! त्यात वळून झाल्यावर डावा गुडघा वर घेऊन पाय जोरात आपटावा लागतो. ढोंगी माणूस दुखणं विसरतो आणि आपटतो. मग मी म्हणे, फिट. चल.

यमुना पाळीखाली गवत कापत होती. कुत्रा बांधीच्या पल्याड बसला होता, दोनशे पावलांवर. मध्ये कापलेल्या धानाची खुंटं. मी परेडच्या आवाजात हाक मारली. कुत्रा उठला आणि सरळ धावत आला. चारही पायांवर. माझ्यासमोर येऊन बसला, शेपूट हलवत.

"पायलं?" मी म्हणालो. "फिट."

यमुनेनं विळा खाली ठेवला. कुत्र्याचा वाकडा पंजा हातात घेऊन माझ्याकडे उलटा करून दाखवला. मनगटाची बाहेरची बाजू, जी जमिनीला लागते, ती पूर्ण सोलली होती. रक्त तिच्या बोटांवर आलं. कुत्रा अजून शेपूट हलवत होता.

"तुमी हाक मारली," ती म्हणाली. "म्हनून आला थो. दुखत नाई म्हनून नाई आला."

मी खाली वाकलो. कुत्र्याला उचललं. घर अर्धा मैल होतं. तो जड नव्हता.

आता चौकीची गोष्ट सांगतो. ती मी तोवर कोणालाही सांगितली नव्हती.

१९७३ चा हिवाळा. उत्तरेकडची बर्फातली चौकी. आम्ही अकरा जण. डॉक्टर नाही, एमआय रूम, म्हणजे फौजेचा दवाखाना, एक दिवसाच्या वाटेवर. कोण पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर, जाईल आणि कोण नाही, हे मी ठरवत असे. आमच्यात शिपाई दशरथ होता, वय बावीस, गाव पवनी. फौजेत आपल्या भागातल्या माणसाला गिराईं म्हणतात. तो माझा गिराईं. म्हणून मी त्याच्याशी जास्त कडक वागे. आपल्याकडचा म्हणून सूट दिली, असं कोणी म्हणायला नको होतं.

त्या दिवशी सकाळी पाच पन्नासला तो सिक रिपोर्टात उभा राहिला.

"उस्ताद, डावा गुडघा दुखून राहिला."

"कधीपासून?"

"चार दिवस झाले."

"मग चार दिवस काहून नाही बोलला?"

 मी दुसऱ्याकडे वळलो, बोलू लागलो आणि मध्येच हुकूम दिला. दशरथ वळला. पाय आपटला तो असा, की पायाखालचा बर्फ फुटला. कंपनीत त्याची ड्रिल एक नंबर होती.

"फिट," मी म्हणालो.

साडेसहाला सात जण निघालो. नऊ वाजता पहिल्या थांब्यावर तो पुन्हा म्हणाला, गुडघा. मी म्हणालो, चल. परतताना अकरा चाळीसला तो मागे पडला. "उस्ताद, पाय धरत नाही." मी म्हणालो, पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेव. पुढे उतार होता, खाली नाला. मी मागे पाहिलं तेव्हा उतारावर सहाच जण होतो.

वायरलेस सेटवर मी बोललो. "चौकी, एक जवान नाले में. ओवर."

"हालत बताओ. ओवर."

"दिखता नहीं. ओवर."

दुसऱ्या दिवशी नऊ दहाला दोर टाकून त्याचं प्रेत वर काढलं.

कंपनी कमांडर साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, जवान फिट था, साहब. मैंने खुद जाँचा था.

१९७५ मध्ये मी रजेवर आलो तेव्हा दशरथचा बाप गोमाजी पवनीहून दिघोरीला आला. पाणी पिण्याआधी त्यानं विचारलं.

"हवालदार, पोरानं चिठ्ठीत लिवलं होतं, पाय लय दुखते म्हनून. खरं का?"

"नाही," मी म्हणालो. "मी स्वतः पाहिलं होतं. ठीक होता."

गोमाजीनं टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाला, "मंग खोटं लिवलं पोट्ट्यानं." आणि गेला.

सगळ्या कंपनीवर मी शंका घेतली. कसोटीवर कधी घेतली नाही.

हे सगळं त्या रविवारी संध्याकाळी यमुनेला सांगितलं. ती कुत्र्याच्या पायाला हळद लावून चिंधी बांधत होती.

"त पवनीले जा," ती म्हणाली.

"सहा वर्षं झाली आता. जाऊन काय सांगू?"

"मले सांगतलं थेच. गोमाजीच्या घरी त्याचं पोरगं अजून खोटारडंच आहे ना?"

कुत्रा पुढे सात वर्षं जगला. यमुनेनं त्याच्या मनगटाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बांधायला सुरुवात केली. दर आठवड्याला तो बदलणं माझ्याकडे होतं. मी त्याला लांबून हाक मारणं सोडलं. काम असलं की मीच चालत त्याच्याजवळ जाई. गावातले हसत. हसू दिलं. आणि नावानं हाक मारायला लागलो, लंगड्या. त्याला त्या नावाचं वाईट वाटत नव्हतं.

पण त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि पहिल्या एस.टी.नं निघालो. साडेनऊला पवनीत उतरलो. गोमाजी अंगणात दोर वळत होता. त्याची बायको दारात तांदूळ निवडत होती. मी बसलो नाही. उभ्यानंच हळू आवाजात सांगितलं.

गोमाजीनं दोर खाली ठेवला.

"असं कानात नोका सांगू," तो म्हणाला. "त्या दिवशी तुमच्याकडून आलो, अन् याच आंगनात चार लोकांसमोर म्हनलो मी, पोट्टं खोटं बोललं. हे, त्याची माय, ऐकत होती. तवापासून माह्यासंग धड बोलत नाई."

त्यानं शेजारच्या दोन घरी आवाज दिला. पाच-सहा माणसं आली. दशरथची माय सूप बाजूला ठेवून उठून उभी राहिली. मी टाचा जुळवल्या आणि परेडच्या आवाजात बोललो.

"शिपाई दशरथ गोमाजी. त्याचा डावा पाय दुखत होता. त्यानं मला तीनदा सांगितलं. तो खरं बोलत होता. मी हवालदार होतो आणि मी त्याला चालवलं."

 मग त्याची माय म्हणाली, "अजून एक डाव सांगा."

मी पुन्हा सांगितलं.