कॉट नंबर सहावर सासू

"दोनशे दहा, एकशे वीस," माझी सून परीक्षक मॅडमना म्हणाली.

मी कॉट नंबर सहावर उताणी पडले होते. दंडाला बीपीचा पट्टा, अंगावर हॉस्पिटलची हिरवी चादर, पायाशी माझी फाईल. फाईलवर एकशे वीस, ऐंशी असं स्वच्छ लिहिलं होतं. ते मीच लिहिलं होतं, सकाळी, उभ्या उभ्या. चौथी शिकलेली बाई आकडे तेवढे नीट काढते.

मेली आता नापास होणार, एवढंच माझ्या मनात आलं.

बीपी म्हणजे अंगातल्या नळ्यांमध्ये रक्ताचा जोर. ठाकठीक माणसाचा एकशे वीस, ऐंशी. दोनशे दहा म्हणजे मोटार फुल्ल चालू आणि पाइप जुना.

मी इंदापूरच्या एका हॉस्पिटलात एकतीस वर्षं आया होते. नाव सांगत नाही, दिवाळीला अजून तिथून साडी येते. रेखा माझी सून, भिगवणची. बापाचा मासळीचा धंदा, त्यामुळे सुरी धरणारा हात स्थिर आणि जीभही तशीच. लग्नानंतर ती आमच्याच हॉस्पिटलात अटेंडंट लागली. दोन पोरं झाल्यावर तिला नर्स व्हायचं सुचलं आणि तिनं बारामतीच्या नर्सिंग स्कूलला नाव घातलं. नोकरी सोडली नाही. सोडून चालण्यासारखं नव्हतं.

सकाळच्या एसटीनं ती बारामतीला जायची, दुपारी परत येऊन घरचं आवरायची. तीनला तिची ड्युटी लागायची आणि माझी सुटायची. हॉस्पिटलच्या गेटवर आमची गाठ पडायची. सिस्टर लोक ड्युटी बदलताना एकमेकींना चार्ज देतात, म्हणजे कुठला पेशंट कसा आहे ते सांगतात. तसा आम्ही घराचा चार्ज द्यायचो.

"धाकटीला ताप हाय, आत्याबाई. थोरला शेजारी. म्हैस बांधलीया."

"आनि डाळ?"

"शिजवून ठेवलीया. फोडणी तेवढी द्या."

संपलं. ती आत, मी बाहेर. दोन वर्षांत आम्हाला भांडायला वेळ मिळाला नाही. दोघींनाही त्याचं वाईट वाटायचं. माझा मुलगा दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर. तो घरी असला तर झोपलेला असायचा.

पहिल्या प्रॅक्टिकलला रेखा पेशंटशेजारच्या स्टुलावर बसल्या बसल्या झोपली. पेशंट जागा, नर्स गाढ. नापास. आता ही दुसरी खेप होती. मुलानं बजावून ठेवलं होतं, "आई, ह्या वेळी न्हाय झालं तर बास. पोरं आय कोन ते इसरली." पास झाली तर आमच्याच वॉर्डात सिस्टरची जागा तिच्यासाठी ठेवलेली. नाहीतर जन्मभर बेडपॅन. ते मी केलं होतं. एका घरात दोघींनी करायची गरज नव्हती.

प्रॅक्टिकल आमच्या हॉस्पिटलात होती. परीक्षेला खरे पेशंट लागतात. पेशंटांना कुणी विचारत नाही, म्हणून ते पळतात. त्या सकाळी तिघांना डॉक्टरांनी सोडलं आणि सहा नंबरचा गडी पोरी शिकायला येणार म्हटल्यावर चपला हातात घेऊन गेला. वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर माझ्याकडं आल्या.

"मावशी, सहा नंबरवर पडा."

"मला काय झालंय?"

"पोटात दुखतंय तुमच्या."

"कवापासनं?"

"कालपासून. फाईल तेवढी भरून घ्या. नॉर्मल लिहा सगळं."

मी लिहिलं आणि पडले. कुठल्या मुलीला कुठला पेशंट ते चिठ्ठीनं ठरतं. रेखानं चिठ्ठी उचलली. सहा. सिस्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं. नात्यातला पेशंट चालत नाही हे तिघींना ठाऊक होतं. पुण्याच्या मॅडमना आमचं नातं ठाऊक नव्हतं, आणि सांगितलं तर परीक्षा रद्द व्हायची. रेखानं ओळख दाखवली नाही.

आधी हिस्ट्री घ्यायची असते, म्हणजे पेशंटला विचारून सगळं लिहून घ्यायचं.

"आजी, घरी कोण कोण असतं?" रेखानं एकदम शाळेतल्या मराठीत विचारलं.

"मुलगा, दोन नातवंडं. सून हाय म्हनायची. घरी नसती."

मॅडमनी मान वर केली. "काळजी घेते का सून?"

"भेटली की इचारते," मी म्हणाले.

रेखाचं पेन थांबलं. मग तिनं ते लिहिलं. शेवटचा शब्द माझा झाला असं मला वाटलं होतं. पण पुढं आरोग्यशिक्षण असतं. त्यात नर्सनं पेशंटला चार गोष्टी समजावून सांगायच्या आणि पेशंटनं ऐकायच्या. उलट बोलायचं नाही.

"आजी, मशेरी लावता का?"

"एकदा. सकाळी."

"खरं सांगा."

"दोनदा."

"आजी, डबी कनवटीला आहे तुमच्या."

"चारदा," मी म्हणाले.

मग तिनं मला तंबाखू, मीठ, लोणचं आणि उन्हात चहा ह्यांच्यावर असं व्याख्यान दिलं की बाकीच्या पोरी आपापले पेशंट सोडून बघायला लागल्या. दोन वर्षांचं सगळं तिनं पाच मिनिटांत काढलं. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी, "बरं का आजी." मॅडम खूश. मीसुद्धा मनात म्हटलं, जमलं बयेला.

मग तिनं पट्टा बांधला. घरी तिनं नवऱ्याच्या, पोरांच्या, शेजारणीच्या दंडावर सराव केला होता. माझा तेवढा दंड मी दिला नव्हता. म्हणायचे, रोज दवाखान्यातच असते की, मला काय होतंय? चार दिवस मानेमागं ठणकत होतं. झोप कमी, दुसरं काय.

तिनं फुगा दाबला, हवा सोडली, ऐकलं. पुन्हा दाबला. तिच्या कपाळाला आठी पडली. गडबडली असं मला वाटलं. मॅडम शेजारच्या कॉटकडं वळल्या तशी मी ओठ न हलवता सांगितलं, "एकशे वीस, ऐंशी. लिहून टाक."

वॉर्डात घाई असली की सगळ्या हेच लिहितात. पट्टा न बांधता लिहितात. मी एकतीस वर्षं बघितलं होतं.

"गप पडा, आत्याबाई," ती पुटपुटली आणि मोठ्यानं आकडा सांगून मोकळी झाली.

मॅडमनी फाईल उचलली. "सकाळी एकशे वीस आहे. तासाभरात दोनशे दहा कसं होईल?"

"ते मला माहीत नाही, मॅडम."

"नीट ऐकू आलं का? परत घे."

तिनं परत घेतलं. एक पोरगी फिसकन हसली. मी डोळ्यांनी खुणा करत होते. सिस्टर माझ्या मागून खुणा करत होत्या. रेखा कुणाकडंच बघत नव्हती.

"दोनशे दहा. एकशे वीस."

"नक्की? फाईल चुकीची म्हणायची का तुला?"

"फायलीत काय का आसंना मॅडम, माझ्या कानाला हितं ऐकू आलं ते सांगते!" शाळेतली मराठी सुटली तिची.

आता संपलं, मी डोळे मिटले. मॅडमनी तिच्या कानातून स्टेथोस्कोप काढून आपल्या कानात घातला. पट्टा आवळला. हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. मग त्यांचा आवाज बदलला.

"आजी, डोकं दुखतंय?"

"मानेमागं."

"कधीपासून?"

"चार दिवस झालं."

"डॉक्टरांना बोलवा. लगेच."

मी उठून बसायला गेले. "मॅडम, मी पेशंट न्हाय. मी हितली आया हाय. पेशंट पळाला म्हनून पडलीया."

"आता आहात पेशंट," त्या म्हणाल्या आणि माझा खांदा खाली दाबला. "ह्यांचं कुणी नातेवाईक आहे का?"

रेखा पुढं झाली. "मी. सून."

मॅडमनी हिस्ट्रीचा कागद बघितला. "घरी नसते ती?"

"व्हय. तीच."

सिस्टरांना त्या दिवशी काय काय ऐकावं लागलं ते मी लिहीत नाही. लिहू नका असं त्यांनीच मला नंतर सांगितलं आहे. नात्यातल्या पेशंटवरचे मार्क देता येणार नाहीत, असं मॅडमनी रेखाला तोंडावर सांगितलं. ती हो म्हणाली. रडली नाही. माझ्या दुसऱ्या हाताला सलाईनची सुई लावायची होती, तिकडं लक्ष होतं तिचं. दुपारी मूतखड्याची एक बाई ॲडमिट झाली. मॅडम गाडी थांबवून थांबल्या आणि रेखाची परीक्षा त्या बाईवर पुन्हा पहिल्यापासून घेतली. त्या बाईचं बीपी एकशे वीस, ऐंशीच निघालं. रेखानं ते तीनदा मोजलं. उशीर केला म्हणून मार्क कापले. पास झाली, काठावर.

मला तीन दिवस ठेवलं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस असंच काढलं असतं तर मेंदूतली नळी फुटली असती. बीपीची गोळी चालू झाली, ती आता मरेपर्यंत.

एकशे वीस, ऐंशी हा आकडा फार चांगला आहे. तो पट्टा बांधून मग लिहावा.

मी वाचले.