कडुलिंबाची साक्ष

इंग्रजांचं राज्य संपायच्या दोन-तीन वर्षं आधी, अकोले तालुक्याच्या डोंगरात एका मठाच्या शाळेत मी गणित शिकवत होतो. देवधर्मावर माझा विश्वास नव्हता आणि तो लपवण्याइतकं शहाणपणही नव्हतं. आमच्या घरी भिक्षुकी, त्यामुळे अंगारा कुठल्या चुलीतून येतो हे मी लहानपणीच पाहिलं होतं.

मुलं जमिनीवर घोंगडी अंथरून झोपत. त्या पावसाळ्यात तिघांना साप चावला आणि तिघंही वाचली. महाराज दंशावर अंगारा लावत, मग कडुलिंबाचा पाला चघळायला देत. पाला कडू लागला तर विष उतरलं. नाही लागला तर अजून चढतंय, अशी तिकडची जुनी पारख. तिघंही ‘कडू’ म्हणाली. लांबलांबून लोक दर्शनाला येऊ लागले आणि माझं डोकं फिरलं. साप बिनविषारी असेल तर माणूस मरेल कशाला? एका संध्याकाळी साऱ्या मुलांसमोर मी महाराजांना गाठलं.

“पुढच्या मुलाला पाला कडू लागला नाही, तर अंगारा कायमचा बंद. मुलाला थेट दवाखान्यात न्यायचं. कबूल?”

“कबूल,” महाराज शांतपणे म्हणाले. “देवाची लाज देव राखील.”

मुलं महाराजांच्या जवळ सरकून बसली. मला ते मुळीच आवडलं नाही.

आठवड्याभरात, काकडआरतीच्या वेळी, वाडीवरच्या एका कुणब्याचा मुलगा लंगडत आला. गणितात माझा सगळ्यात तल्लख विद्यार्थी, आणि महाराजांची पूजेची भांडी घासणाराही तोच. घोट्यावर दोन बारीक टिपके होते. सूज नाही, ठणका नाही. महाराजांनी अंगारा लावला, पाला दिला. तो चघळताना आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्याने एकदा महाराजांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“लई कडू हाय,” तो म्हणाला.

मुलांनी जयजयकार केला. उंदीर चावला असेल, असं म्हणून मी वर्गावर गेलो. खरं सांगतो, मलाही हायसं वाटलं होतं.

दुसऱ्या तासाला त्याच्या पापण्या मिटू लागल्या. झोपतोस काय, म्हणून मी त्याच्यावर खेकसलो. तो उभा राहायला गेला आणि कोसळला. मुलांनी धावत जाऊन त्याची घोंगडी झटकली, तर खालून मण्यार निघाली.

बैलगाडीत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळत होते.

“गुरुजी, पाला कडू न्हवता. कायच चव लागली न्हाई.”

“मग खोटं का बोललास रे?”

“तुमी म्हाराजांना खोटं पाडलं असतं.”

गाडीवान पुढे बैलांवर ओरडत होता, त्याला काही ऐकू गेलं नाही. दवाखाना अजून चार कोस होता. ओढ्याच्या अलीकडेच मुलाचा श्वास थांबला.

दुपारी त्याचा बाप मठात आला. महाराज त्याला म्हणाले, “विष उतरलं होतं रे. आयुष्यच सरलं त्याचं. पाला कडू लागला होता. गुरुजी तर देवाला मानत नाहीत, त्यांनाच विचार.”

बाप माझ्याकडे वळला. खरं सांगितलं असतं, तर माझी अटही सांगावी लागली असती.

“हो,” मी म्हणालो. “कडूच म्हणाला.”

त्याने महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि धाकट्या पोरासाठी चिमूटभर अंगारा मागून घेतला.