सुपातल्या सात्या

माझी वैनी विषारी सात्या खाऊन मेली, आणि त्या सात्या मी आणल्या होत्या. एवढं वाक्य मी आजवर दोनच माणसांपुढे बोलले. त्यातल्या एकानं मला गप्प बसवलं आणि दुसरीला मी फसवलं.

सात्या म्हणजे रानातली अळिंबी. आमच्या केळापूरकडच्या गावांत हाच शब्द. मी यवतमाळहून वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि नोकरीची वाट पाहत घरी बसले होते. आई आधीच गेलेली. घरात बाबा, भाऊ, वैनी आणि मी. मागच्या हंगामाचा कापूस भाव नाही म्हणून माजघरात छतापर्यंत रचलेला होता. आम्ही त्याच्यातूनच वाट काढत वावरायचो. त्या वर्षांत आमच्या भागात दर आठ-पंधरा दिवसांनी कुठून तरी बातमी यायची, अमक्यानं फवाऱ्याचं औषध घेतलं. ऐकून लोक पुन्हा कामाला लागायचे.

वैनी फुलसावंगीकडची. तिला सात्या जिवापाड आवडायच्या. बाबा आणि भाऊ त्यांना हातही लावत नसत. मलाही ती चव फारशी आवडत नसे. मला हौस होती ती ओळखण्याची.

सात्या आणून द्यायची ती एक कोलाम बाई. जंगलाच्या कडेला, गावापासून तासाभराच्या वाटेवर, कोलामांचं पोड होतं, पंधरा-वीस झोपड्यांची वस्ती. तिथून ती बाजाराच्या दिवशी पळसाच्या पानांचे पुडे घेऊन उतरायची आणि आधी आमच्या दारात थांबायची. पन्नाशीची असेल. आम्ही तिला मावशी म्हणायचो. मी तिच्यामागे लागले, मला जंगलात ने, ओळखायला शिकव. ती हसली.

"तुले पुस्तकात नाई शिकवलं काय?"

पुस्तकात एक पान होतं. टोपीखालची पाती ठिसूळ, देठात धागे नाहीत, एवढंच. मावशीबरोबर मी चार वेळा गेले. नाल्याच्या वरच्या अंगाला, सागाचा पट्टा संपून मिश्र झाडी लागते तिथे कुजलेल्या पानांतून त्या वर आलेल्या असत. तांबूस टोपी, आखूड पांढरा देठ. मावशी उकिडवी बसायची, बोटांनी माती उकरून बुडासकट सात्या काढायची आणि देठ मोडायची. टच्‌कन आवाज व्हायचा.

"खडूवानी तुटली पायजे. धागे निंगाले त फेक." मग टोपी उलटी करून खालच्या पात्यांवर अंगठा फिरवायची. त्यांचा चुरा व्हायचा. "हे असं. आन मानेशी घागरीच्या काठावानी कडं नसलं पायजे. बुडाशी पिशवी नसली पायजे. म्हनून कापू नोको, उकर. कापली त बूड मातीतच राह्यते, तुले काय दिसन?"

मग ती कणभर तुकडा जिभेच्या शेंड्याला लावून थुंकायची. तिखट लागली तर बाजूला.

"नाव काय हिचं?" मी वही उघडून विचारायचे.

"नाव तू ठेव. मले ओळख माहीत हाय."

चौथ्या वेळी मी घाईत एक सात्या न मोडताच तिच्या टोपलीत टाकली. तिनं ते पाहिलं, माझ्या हातावर चापट मारली आणि अख्खी टोपली पालापाचोळ्यावर उपडी केली. एकेक सात्या उचलून पुन्हा पाहत बसली. पोडातल्या दोन बाया आमच्यासोबत होत्या. त्या मला पाहून तोंडाला पदर लावून हसल्या. परतीच्या वाटेवर मी त्यांच्या पुढे पुढे चालत राहिले. जिला सही येत नाही, तिनं मला पोरीसारखं मारलं, हे माझ्या डोक्यातून जाईना.

त्यानंतर चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी उघडीप होताच मी एकटीच गेले, इळा घेऊन. पहिल्या दहा-बारा सात्या नियमानं पाहिल्या. मोडल्या, चोळल्या, चाखल्या. सगळ्या बरोबर होत्या. मग पुढे एका उताराला खूप दिसल्या, फिकट, जवळजवळ पांढऱ्या. पावसानं टोपीचा लाल रंग धुऊन जातो, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. मला वाटलं त्याच धुतलेल्या. इळ्यानं मातीच्या वरून सपासप कापल्या आणि सूप भरलं. एकही मोडून पाहिली नाही.

वैनीनं सूप पाहून विचारलं, "मावशीनं देल्ल्या काय, ताई?"

मी हो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर तिनं खाल्ल्या नसत्या. जेवण झाल्यावर सांगायचं ठरवलं होतं, की या माझ्या, आता मावशीची गरज नाही. वैनीनं कांदा-तिखट घालून भाजी केली. मी दोन घास खाल्ले. तिनं कढई पुसून खाल्ली आणि वर म्हणाली, "आजच्या लय गोड हाय." मग शेजारीण आली, बोलणं दुसरीकडे गेलं आणि माझं सांगायचं राहून गेलं.

पहाटे वैनी ओकायला लागली. मलाही एकदा उलटी झाली आणि थांबली. तिची थांबेना. भावानं जीप करून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. मी सोबत होते. डॉक्टरनं तिच्याकडे धड न पाहताच विचारलं, "काय घेतलं?"

"सात्या खाल्ल्या," वैनी म्हणाली.

डॉक्टर भावाकडे वळला. "भांडण झालं होतं का घरात?"

त्या वर्षांत ओकत आलेलं प्रत्येक माणूस औषध प्यालेलंच असायचं. वैनीला दोन दिवस त्याचेच उपचार चालले. नर्सनं मला व्हरांड्यात नेऊन विचारलं, "खरं सांग, कोणतं औषध? शिशी कुठे हाय?" मीही सात्याच म्हणाले. ती वैतागून निघून गेली. "सगळेच असं काहीतरी सांगतात."

दुसऱ्या दिवशी वैनीला बरं वाटलं. ती उठून बसली, तिनं चहा मागितला. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे पिवळे झाले. तेव्हा कुठे डॉक्टरनं विचारलं, "त्या सात्या कुठून आणल्या होत्या?"

वैनीच बोलली. "पोडातल्या मावशीनं देल्ल्या. ताईलेच देल्ल्या ना."

ती माझ्याकडे पाहत होती. डॉक्टरही माझ्याकडे पाहत होता. मी मान हलवली.

यवतमाळला हलवलं, तिथे पाचव्या दिवशी ती गेली. चोवीस वर्षांची होती.

मातीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात जाऊन बाबांना सगळं सांगितलं. ते बैलापुढे कडबा टाकत होते. हात न थांबवता त्यांनी ऐकून घेतलं.

"आनखी कोनाले सांगतलं?"

"नाई."

"मंग नोको सांगू."

"बाबा, मावशीची काय चूक हाय?"

त्यांनी पेंढी खाली ठेवली. "सुनेचे भाऊ येऊन राह्यले आज. घरच्या सात्यायनं मेली म्हटलं त ते काय म्हनतीन? मारली म्हनतीन. तुहा भाऊ जेलात जाईन. तुले नोकरी लागाची हाय. त्या कोलामनीले काय लागाचं हाय?"

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

वैनीचे दोघे भाऊ अकराच्या सुमारास आले. थोरल्यानं अंगणातच माझ्या भावाची गचांडी धरली. "आमच्या बहिनीले काय पाजलं?" बाबा मधे पडले आणि शांतपणे म्हणाले, "पोडातल्या कोलामनीच्या सात्या होत्या. तुमच्या बहिनीनं सोताच्या तोंडानं डॉक्टरले सांगतलं. विचारा."

तासाभरात गावातले पाच-सहा जण जाऊन मावशीला घेऊन आले. तिला वैनी गेल्याचं वाटेतच कळलं होतं. ती रडत आली. उरलेल्या सात्या सुपातच होत्या, आठवडाभर चुलीजवळ राहून सुकलेल्या. कोणीतरी ते सूप तिच्यापुढे आपटलं.

"ह्या तुह्याच ना?"

तिनं सूप पुढे ओढलं. एक सात्या उचलली, मोडली, डाव्या बाजूला ठेवली. दुसरी मोडली, तिच्यातून धागे लोंबले, तिनं ती उजवीकडे ठेवली. मग सगळं अंगण उभं असताना ती एकेक निवडत बसली. डाव्या बाजूला दहाएक जमल्या, उजवीकडे मोठा ढीग झाला. उजवीकडच्यांचे देठ तिनं उलटे करून पाहिले. इळ्याचा काप सरळ होता. तिनं मान वर केली आणि गर्दीतून नेमकं मला शोधलं. ती कधीच कापत नसे, हे तिथे फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

ती माझं नाव घेईल म्हणून मी भिंतीला टेकले. तिनं घेतलं नाही. उजव्या ढिगावर हात ठेवून एवढंच म्हणाली, "ह्या माह्या नाई. ह्या खाल्ल्या त मानूस मरते."

"पाहा!" वैनीचा थोरला भाऊ ओरडला. "हिले माहीत होतं! माहीत असून देल्ल्या!"

"तुह्या नाई म्हनते त खाऊन दाखव," दुसरा म्हणाला.

"मरन ना मी," मावशी म्हणाली.

तिच्या खरं बोलण्यानंच तिचा गुन्हा ठरला. ओळखता येत नसतं तर कदाचित वाचली असती. थोरल्यानं तिला लाथ घातली. ती सुपावर पडली. मग आमच्याच गावातल्या, दर आठवड्याला तिच्याकडून पुडे घेणाऱ्या बायांनी तिला झोडपलं. एकीनं तिचे केस धरले होते. मावशी माझ्याकडे पाहत नव्हती आणि मी घरात जाऊन दार लावून घेतलं. बाहेरचे आवाज माजघरातल्या कापसात बरेच कमी ऐकू येत होते. पोलीसपाटलानं शेवटी तिला सोडवून ठाण्यात नेलं. दोन दिवसांनी पुराव्याअभावी सोडून दिलं. तिचा डावा हात पुढे कायमचा वाकडा राहिला.

बाजारात तिला कुणी बसू देईना. पोडातल्या इतर बायांचेही पुडे कुणी घेईना, तेव्हा त्याही तिच्यावर उलटल्या.

दोन वर्षांनी मला दिग्रसला शाळेत नोकरी लागली. जाण्याआधी मी पोडावर गेले. ती झोपडीपुढे मोहाची टोळं, तेलाच्या बिया, फोडत बसली होती, एकाच हातानं. मी म्हणाले, "मावशी, त्या सात्या मीच आणल्या होत्या."

"हाव," ती म्हणाली.

"तू तवाच काहून नाई बोलली?"

"तुवं घर होतं ते. मले वाटलं, तू बोलशीन."

मी रडले. ती माझं रडणं संपायची वाट पाहत टोळं फोडत राहिली. मग म्हणाली, "रडू नोको. बाजारात येऊन सांग. चार लोकायपुढं सांग, का ह्या बाईच्या नव्हत्या म्हनून. मंग मले बसू देतीन."

मी येत्या बाजारी सांगते म्हणाले. तिनं वाकड्या हातानं माझ्या तोंडावरून हात फिरवला.

बाजाराच्याच दिवशी मला शाळेत हजर व्हायचं होतं. एक दिवस उशीर चालला असता, मुख्याध्यापकांनी तसं कळवलंही होतं. मी सकाळच्या एसटीत बसले. गाडी बाजारातून हळूहळू निघाली. मावशी तिच्या जुन्या जागेवर पळसाची पानं मांडून बसली होती, धुतलेलं लुगडं नेसून, आमच्या घराकडच्या रस्त्यावर डोळे लावून. मी खिडकीची काच लावली नाही. तोंड फिरवलं.

महिन्याभरानं भाऊ आला तेव्हा सहज म्हणाला, "ते कोलामन बाजारात आलती. तुलेच विचारत होती. लोकायनं उठवली." मी त्याला चहा दिला.

पुढे मी बावीस वर्षं शिकवलं. बाबांच्या तेरवीला गावी गेले तेव्हा भांडी घासायला पोडातली एक बाई आलेली होती. बोलता बोलता कळलं, ती मावशीची सून. मावशीला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी विचारलं, "सात्या आणता का आता तुम्ही?"

"आमाले नाई ओळखू येत," ती म्हणाली. "बुढीनं शिकवल्याच नाई. म्हने, ज्याले ओळखू येते त्याले लोक मारते."

मग तिनं विचारलं, उरलेलं वरण घरी नेऊ का. मी तिचा डबा भरून दिला.