कापडावर न येणारा निळा

आमच्या आत्याला न घाबरणारा एकही रंग रामनगरच्या बाजारात नव्हता. साड्यांना मॅचिंग ब्लाउजपीस, अस्तर, फॉल आणि दोऱ्याची रिळं विकणारं तिचं छोटंसं दुकान होतं, आणि मी, तिचा भाचा, तिथं कापड फाडून द्यायला उभा असे. गिऱ्हाइकानं साडी उलगडली की आत्या तिच्याकडं चोरीचा माल असल्यासारखं बघायची. खानापूरहून आलेल्या एका लग्नाच्या मंडळींना तिनं दारातूनच परत पाठवलं होतं. "ह्या पोपटीला ह्ये अस्तर लावून पोरगी उभी केलासा, तर भटजी मंत्र विसरंल," म्हणाली. आमटीचा पिवळा मनासारखा नसला की ती जेवायची नाही. एकदा तर चालत्या बसमध्ये कंडक्टरला थांबवून, त्याचा शर्ट आणि पँट एका खाकीतले नाहीत हे तिनं सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. तो बिचारा ती उतरेपर्यंत तिच्यापासून लांब, ड्रायव्हरच्या मागे उभा राहिला.

अशी ही बाई पहिल्यांदा चर्चमध्ये गेली ती शेजारच्या ख्रिस्ती शिवणवालीच्या मुलीच्या लग्नाला. नवरीच्या झग्याचा पांढरा कितपत खरा आहे, एवढंच तिला बघायचं होतं. आम्ही मागच्या बाकावर बसलो. दुपार कलत होती, बाहेर ढग होते, आणि पश्चिमेच्या भिंतीतली उंच खिडकी नुसती काळपट दिसत होती. मग ढग सरकला. खिडकीला आतून कोणी जागं केल्यासारखं झालं. कडेला लाल आणि सोनेरी काचांची वेलबुट्टी, आणि मधोमध बाळाला घेतलेली मेरी, डोक्यापासून पायापर्यंत निळ्या वस्त्रातली. तो निळा काचेत मावत नव्हता. खांबावर, फरशीवर, गाणं म्हणणाऱ्यांच्या पुस्तकांवर सांडत होता. सगळी मंडळी वेदीकडं तोंड करून उभी, आणि आमची आत्या एकटी भिंतीकडं वळून, हात जोडून. मी तिचा पदर ओढला.

"थांब रं," ती पुटपुटली. "जल्म गेला माझा रंगात. ह्यो रंग कापडावर येत न्हाई."

नवरीचा झगा तिनं पाहिलाच नाही.

तेव्हापासून दुपारचं जेवण झालं की दुकान माझ्यावर सोपवून आत्या चर्चची टेकडी चढायची. चपला बाहेर काढायची, ओंजळभर अबोली खिडकीखाली ठेवायची आणि ऊन उतरेपर्यंत बसायची. तिथले फादर गोव्याकडचे, मिस्कील. "बाय, प्रार्थना कुठली करतेस?" त्यांनी एकदा विचारलं. "प्रार्थना कशाला?" आत्या म्हणाली. "माय एवढी नेसून बसल्या. कुणीतरी बघाय नको व्हय?"

अशी काही वर्षं गेली, आणि आत्या फादरांवर चिडू लागली. खिडकी मळली म्हणे. फादरांनी शिडी लावून काचा धुवून घेतल्या. आत्या दुसऱ्या दिवशी जाऊन आली ती आणखी चिडून. "धुतली म्हणत्यात! मायवर शेवाळ धरलंय!" इकडं दुकानात जांभळ्या साडीला ती तपकिरी फॉल देऊ लागली होती. बायका तिच्यासमोर मान डोलवून तो घ्यायच्या, आणि ती टेकडीवर गेली की गुपचूप येऊन माझ्याकडून बदलून न्यायच्या. सगळ्या बाजाराला ठाऊक होतं, पण आत्याला तिचा रंग चुकला म्हणून सांगायची कुणाची छाती नव्हती.

शेवटी फादर दुकानात आले. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "बाय, तुझ्या मायच्या निळ्यातलं एक रीळ दे."

आत्यानं फळीवरून बोट फिरवलं, नेमकं एक रीळ उचललं आणि त्यांच्या हातात ठेवलं. हिरवं होतं. फादरांनी ते हातात फिरवून माझ्याकडं पाहिलं. आत्यानं आमच्या दोघांची तोंडं पाहिली, रीळ परत घेतलं, दारात उजेडाला जाऊन डोळ्यांशी धरलं.

"निळा न्हाई ह्यो?" तिचा असा बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"मोतीबिंदू असंल, आत्या," मी म्हणालो. "बेळगावला दाखवू. साधं ऑपरेशन असतंय."

"आता मळकी का असंना, माय दिसती तरी. कापाकापीत तेवढीबी गेली तर?"

फादर तिच्याजवळ गेले. "मी येतो बरोबर," एवढंच म्हणाले.

ते खरोखरच आले. ऑपरेशनच्या खोलीबाहेर ते माळ जपत होते आणि मी मनातल्या मनात उळवीच्या चन्नबसवेश्वराला नारळ बोलत होतो.

डॉक्टरांनी पट्टी काढून काळा चष्मा दिला. परतीच्या बसमधून उतरल्यावर आत्या घराकडं वळलीच नाही. टेकडी चढताना तिनं माझा दंड घट्ट धरला होता. आत आल्यावर बाकावर बसली, आणि बराच वेळ चष्म्याला हात लावेना. फादर दारातच थांबले. मग तिनं हळूच चष्मा काढला.

खिडकी पेटली होती. आत्यानं हात जोडले.

आतोबा, म्हणजे तिचे यजमान, गेल्यापासून ती फिक्या राखी लुगड्याखेरीज काही नेसत नसे. त्या लुगड्यावर आता खांद्याशी लाल उतरला होता, आणि मांडीवर ओंजळभर निळा. ते ध्यानात आलं तसा तिनं पदर अलगद पसरला.

"ह्यास्नी आवडला असता," ती म्हणाली.

ऊन सरकलं तसा निळा मांडीवरून बाकावर उतरला. आत्या जराशी सरकून पुन्हा त्यात बसली.