पाळणाघरातला वास

हेमलता निपाणीकर यांची सगळी नोकरी विमानांचे सुटे भाग रंगवणाऱ्या सरकारी कारखान्यात गेली. निवृत्त झाल्या त्या दमा घेऊनच. त्यामुळे बंगळूरमधल्या बेळ्ळंदूरच्या त्यांच्या सोसायटीत पाळणाघर रंगवायचं निघालं, तेव्हा सभेत त्यांनी हट्टच धरला. रंग पाण्यात मिसळणारा, कमी वासाचा आणि बिनशिशाचा हवा. सेक्रेटरी गुरुराज लगेच म्हणाला, "सरी अक्का, तुम्ही म्हणाल तोच."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्या बघायला गेल्या. दारातच थिनरचा भपकारा आला आणि छाती घरघरू लागली. कोपऱ्यात कमी वासाच्या रंगाचे, हिरवं पान छापलेले डबे ओळीने मांडले होते. रंगारी जेवायला गेले होते. हेमलताबाईंनी रंगाने भरलेला ब्रश उचलून पाण्याच्या बादलीत बुडवला. पाण्यात मिसळणारा रंग असता तर सुटून सगळं दुधाळ झालं असतं. इथे नुसत्या चिकट गाठी झाल्या आणि वर तेलकट तवंग पसरला. मागच्या दारी तर उरलेलं थिनर पावसाळी गटारात ओतलेलं होतं. ते गटार थेट तलावाला मिळतं.

त्यांनी गुरुराजला बोलावून घेतलं.

"अक्का, स्वल्प ॲडजस्ट करा. ऑइल पेंट पुसता येतो, मुलं भिंती घाण करतात."

"आणि हे डबे?"

"ते फोटोसाठी."

तो हसला.

इतक्यात श्वेता आली. पुण्याहून आलेली, आयटीतली; तिचा दहा महिन्यांचा राजस इथेच राहणार होता. सगळं ऐकून ती म्हणाली, "काकू, उद्या चीफ गेस्ट येतायत. दोन दिवस विंडोज ओपन ठेवू ना!"

तिच्या तोंडून हे ऐकणं हेमलताबाईंना सर्वांत घाण वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती बादली क्लबहाउसमध्ये नेऊन उद्घाटनाच्या केकशेजारी ठेवली. "ज्यांना आपलं मूल तिथे झोपवायचंय, त्यांनी आधी यात तोंड घालून श्वास घ्यावा."

कुणीतरी घाईघाईने केक बाजूला सरकवला, बादली नाही. शेवटी श्वेता वाकली, खोकली, डोळे पुसले आणि राजसला उचलून घरी गेली. तिच्यामागोमाग आणखी आया उठल्या. उद्घाटन राहिलं.

पुढे भिंती ओल्या पॉलिशपेपरने घासून खरोखरीचा पाण्याचा रंग लागला. पाळणाघर सुरू झालं, राजसही जाऊ लागला. गुरुराज मात्र बिनविरोध पुन्हा सेक्रेटरी झाला. म्हातारीने समारंभाचा विचका केला, असं लोक लिफ्टमध्ये बोलत राहिले.

संक्रांतीला तो तीळगुळाचं एळ्ळु-बेल्ल घेऊन दारात आला. "अक्का, गोड बोला."

"तू आधी खरं बोल," म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.