घरकोंबडे जंतू

माझ्या मानेच्या गाठीत टीबी निघाला, तेव्हा सुपेल्याच्या बाजारात माझ्या दुकानाशेजारी बसणाऱ्या दुकानदाराने ती बातमी बाजारभर केली आणि माझी गिऱ्हाइकं स्वतःकडे ओढली. त्या रागातच मी दवाखान्यात गेलो. तिथे सगळे भिंतीला चिकटून उभे होते आणि एक म्हातारी अख्ख्या बाकावर ऐसपैस बसून मुरमुरे खात होती.

"बस भाऊ. माह्या मणक्यात टीबी हाय. तुह्या?"

"गाठीत. कोणाले लागत नाही म्हणते डॉक्टर."

"माहाबी नाही लागत. आपले जंतू घरकोंबडे. खोकल्यातून फिरते तो छातीतला."

"मंग लोकायले सांगत कावून नाही?"

"सांगतलं तर सारे येऊन बसतीन ना बाकावर!" तिने डोळा मिचकावला.

तेवढ्यात तोच शेजारी खोकत आत आला. म्हातारीने पटकन पदर नाकाला लावला. "तुह्यावाला फिरता दिसते बापू. रुमाल लाव तोंडाले."

त्याचा चेहरा उतरला. "भाऊ, बाजारात बोलू नको," तो मला हळूच म्हणाला.

असा मोका मी सोडतो होय? "आधी दुकानोदुकानी सांगून ये, का माही गाठ कोणाले लागत नाही. मंग पाहू."

तो मुकाट्याने निघालाही. मी ऐटीत म्हातारीकडे पाहिलं.

"काय सौदा केला रे! त्याचे जंतू तूच बाजारभर फिरवून राहिला."

मी धावत जाऊन त्याला दंडाला धरून परत आणला आणि रांगेत माझ्या पुढे उभा केला. एवढ्या तोट्याचा सौदा मी पुन्हा केला नाही.